गाडीची पुढची काच काळी करावी का?

"डॉक्टर, एक सर्टिफिकेट पाहिजे होतं. दोनच ओळी लिहा, उन्हाची ॲलर्जी आहे म्हणून."

उन्हाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात ही मागणी हमखास येते. यंदा ती घेऊन आले ते माझे जुने पेशंट आहेत. वय ५८, रक्तदाब आणि मधुमेह दोन्हीची औषधे चालू, शेतीपंपांच्या विक्रीचा व्यवसाय. आठवड्यातून दोनदा ते स्वतः गाडी चालवत पुण्याहून सोलापूरला जातात आणि त्याच दिवशी परत येतात. सकाळी जाताना सूर्य समोर, संध्याकाळी परतताना पुन्हा सूर्य समोर. "डोळ्यांपुढे नुसता प्रकाशाचा धूर होतो हो. पुढच्या काचेला फिल्म लावून घेतो. पोलिसांनी अडवलं तर तुमचा कागद दाखवीन," असे त्यांचे म्हणणे होते.

मी सर्टिफिकेट दिले नाही. ते थोडे नाराज झाले. "तुम्हाला काय जातंय दोन ओळी लिहायला?" असेही म्हणाले. त्या दिवशी बाहेर पेशंट थांबलेले होते, त्यामुळे नीट समजावून सांगता आले नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात "पुढच्या काचेलापण मारून देऊ का?" या प्रश्नाला मान हलवण्याच्या बेतात असलेल्या तुमच्यासाठीही आहे.

आधी माझीच गोष्ट

तुम्हाला शहाणपण शिकवण्याआधी एक कबुली देतो. २००९ साली मी माझ्या गाडीच्या सगळ्या काचांना फिल्म लावली होती, पुढच्या काचेलासुद्धा. दुकानदार म्हणाला, "ही फक्त पन्नास टक्क्यांची आहे, आतून काही फरक पडत नाही." दिवसा खरोखरच छान वाटायचे. एसी लवकर गार व्हायचा, डोळे मिटमिटायचे नाहीत.

डिसेंबर महिना होता. तालुक्याच्या गावी एक पेशंट पाहून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास परत येत होतो. दिवस पुरता मावळला नव्हता, अंधारही पडला नव्हता. साखर कारखान्याचा भाग, ऊसतोडणीचे दिवस. समोरून एक ट्रक आला आणि त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले. ट्रक गेला आणि त्याच्या मागच्या करड्या अंधारात मला माझ्याच बाजूला, अगदी समोर, उसाने भरलेली बैलगाडी दिसली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि उसाचे शेंडे यांत हातभर अंतर होते. वर उसाच्या मोळ्यांवर एक बाई मांडीवर लहान मूल घेऊन बसली होती. ती मला दिसली तीसुद्धा गाडी थांबल्यावर.

बैलगाडीला रिफ्लेक्टर नव्हता ही चूक होतीच. फिल्म नसती तर मला ती किती आधी दिसली असती हे मी सिद्ध करू शकत नाही. पण काच खाली करून बाहेर पाहिले तेव्हा कळले की बाहेर माझ्या समजुतीपेक्षा बराच उजेड होता. तो उजेड मी स्वतः पैसे देऊन अडवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पुढची फिल्म काढून टाकली.

तेव्हापासून या विषयाबद्दल माझे मत ठाम आहे. पण मत ठाम आहे म्हणून दुसरी बाजू झाकायची नाही. आधी फायदे-तोटे दोन्ही पाहू.

उन्हातून गाडीत काय काय येते?

आपण सगळ्याला "ऊन" म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, डोळ्यांना दिसणारा प्रकाश. डोळे दिपतात ते याने, आणि रस्ता दिसतो तोही यानेच.

दुसरी, इन्फ्रारेड किरण. हे दिसत नाहीत, पण अंगाला ऊब लागते त्यात यांचा मोठा वाटा असतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग या किरणांचा असतो.

तिसरी, अल्ट्राव्हायोलेट म्हणजे अतिनील किरण. यांचा वाटा अगदी थोडा, पण त्वचेचे आणि डोळ्यांचे नुकसान करण्यात हे पुढे. यांतले दोन प्रकार आपल्याला माहीत हवेत. यूव्हीबी किरणांनी त्वचा भाजते, आणि व्हिटॅमिन डी तयार होते तेही यांच्यामुळेच. यूव्हीए किरण त्वचेत जास्त खोलवर जातात आणि सुरकुत्या, डाग, अकाली वार्धक्य यांना कारणीभूत ठरतात.

साधी काचसुद्धा यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणून "मी रोज दोन तास गाडीत उन्हात असतो, मला व्हिटॅमिन डी कसं कमी?" असे जे पेशंट विचारतात, त्यांना मी सांगतो की बंद काचेतून आलेल्या उन्हाने व्हिटॅमिन डी मिळत नाही. यूव्हीए मात्र सगळ्या काचा सारख्या अडवत नाहीत. आपल्या प्रश्नाची गोम इथेच आहे.

पुढची काच आणि बाजूची काच एकसारखी नसते

गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असते. म्हणजे काचेचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक पातळ पारदर्शक पडदा. दगड लागला तर ही काच तडकते, पण तुकडे अंगावर उडत नाहीत, ते या पडद्याला चिकटून राहतात. हाच पडदा यूव्हीए किरणही अडवतो.

बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत एकेरी, टफन केलेल्या असतात. फुटल्या की त्यांचे बोथट बारीक तुकडे होतात. त्यांच्यात मधला पडदा नसतो.

२०१६ साली अमेरिकेत वेगवेगळ्या १५ कंपन्यांच्या २९ गाड्यांच्या काचा मोजून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या काचा सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवत होत्या. बाजूच्या काचांची सरासरी होती ७१ टक्के, आणि त्यातही गाडीगाडीत प्रचंड फरक होता. काही काचा ४४ टक्केच अडवत होत्या.

याचा पुरावा मला दवाखान्यात रोज दिसतो. वीस-पंचवीस वर्षे टॅक्सी किंवा टेम्पो चालवणाऱ्या माणसाला दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगा. उजवा हात कोपरापासून खाली डाव्यापेक्षा काळवंडलेला आणि रखरखीत असतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि त्याचा उजवा हात खिडकीवर असतो. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. तिथल्या २८ वर्षे डिलिव्हरी ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो २०१२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी, आणि डावी बाजू मात्र जाड, सुरकुतलेली, जणू त्याच्या थोरल्या भावाची.

म्हणजे ऊन त्रास देते ते बाजूच्या काचेतून. "त्वचेसाठी पुढच्या काचेला फिल्म लावतो" असे कोणी म्हणाले तर तो जे दार आधीच बंद आहे त्याला दुसरे कुलूप लावतो आहे.

फिल्मचे फायदे कोणते?

फायदे आहेत, नाही असे नाही.

१. उष्णता कमी होते. पुढची काच ही गाडीतल्या मोठ्या काचांपैकी एक आणि तिरकी बसवलेली असते, त्यामुळे तिच्यातून बरीच उष्णता आत येते. इन्फ्रारेड अडवणारी चांगली फिल्म असेल तर डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग कमी तापते, एसीवरचा भार कमी होतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. नुसता काळा रंग आणि इन्फ्रारेड अडवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, रस्त्याकडेच्या दुकानातली स्वस्त काळी फिल्म प्रकाश जास्त अडवते आणि त्या मानाने उष्णता कमी. आणि फिल्म असली तरी उभी गाडी तापायची ती तापतेच. गाडी उन्हात बंद करून ठेवली तर तासाभरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढते, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, हे मोजून पाहिलेले आहे. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे काचा काळ्या आहेत म्हणून लहान मुलाला किंवा आजी-आजोबांना गाडीत बसवून "पाच मिनिटांत येतो" असे कधीही करू नका.

२. दिवसा डोळ्यांवरचा ताण कमी होतो. भर दुपारी, सिमेंटच्या रस्त्यावर हा फायदा जाणवतो. मलाही जाणवला होता.

३. खासगीपणा मिळतो आणि सीट-डॅशबोर्डचा रंग कमी उडतो. हे खरे आहे, पण त्यासाठी पुढची काच काळी करण्याची गरज नसते.

दुकानात आणखी एक फायदा सांगतात, फुटलेली काच अंगावर येत नाही. पुढच्या काचेत ते काम मधला पडदा आधीच करतो, हे वर पाहिलेच.

तोटा एकच, पण तो मोठा आहे

आता तोट्याकडे येऊ. इथे थोडा हिशेब करावा लागेल, पण सोपा आहे.

समजा बाहेर १०० भाग प्रकाश आहे. गाडीची मूळची स्वच्छ काच त्यातला साधारण ७५ भाग आत सोडते. तिच्यावर "फक्त पन्नास टक्क्यांची" फिल्म लावली, तर ७५चे निम्मे, म्हणजे सुमारे ३८ भाग आत येतात. हा गुणाकार असतो. दुकानदार फिल्मचा आकडा सांगतो, काचेसकट होणारा आकडा सांगत नाही.

आता या ३८ भागांपैकी डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत किती पोहोचतात? इथे वय मध्ये येते. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटर उघडते. सत्तरीच्या आसपास ती ४ ते ५ मिलिमीटरच उघडते. शिवाय बाहुलीमागचे भिंग वयाबरोबर पिवळट होत जाते. या दोन्हींचा परिणाम म्हणून साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. निसर्गाने प्रत्येक साठीच्या माणसाच्या डोळ्यात एक फिल्म आधीच लावलेली आहे. त्यावर तुम्ही दुसरी लावली, गाडीची काच धुळीने माखलेली असली, आणि वर गॉगल घातला, तर सगळे गुणाकार होत जातात.

भर दुपारी हे खपून जाते, कारण मुळात प्रकाशच इतका असतो की त्याचा छोटा भागही पुरतो. म्हणून फिल्म लावणारा प्रत्येक जण सांगतो, "मला तर व्यवस्थित दिसतं." तो दुपारचे सांगत असतो. पुढच्या चार वेळा त्याने आठवून पाहाव्यात.

तिन्हीसांजेची वेळ. आकाशात उजेड असतो, पण रस्त्यावर नसतो. काळे कपडे घातलेला पादचारी आणि डांबर यांच्या छटेत मुळातच थोडा फरक असतो. प्रकाश कमी झाला की डोळ्याची असा बारीक फरक ओळखण्याची ताकद आधी जाते. दवाखान्यातला तक्ता तुम्ही सगळा वाचून दाखवता तो पांढऱ्यावर काळ्या ठळक अक्षरांचा असतो. संध्याकाळचा रस्ता तसा नसतो.

पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भरदिवसाही अंधारून येते. ओला रस्ता, वायपर, समोरच्या गाडीने उडवलेले पाणी, आणि त्यावर काळी काच.

बोगदा. कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या बोगद्यात भर उन्हातून शिरताना पहिले काही क्षण काहीच दिसत नाही हा अनुभव तुम्हाला असेलच. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याला जुळवून घ्यायला वेळ लागतो. पूर्ण जुळवून घ्यायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि वय वाढेल तसा हा वेळ वाढतो.

रात्र. समोरच्याचा हाय-बीम फिल्ममुळे थोडा सुसह्य होतो हे खरे. पण फिल्म समोरच्या दिव्याचा आणि रस्त्याकडेच्या माणसाचा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी करते. दिवा तरीही दिसतो. माणूस दिसेनासा होतो.

एक आकडा डोक्यात ठेवा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. माणूस दिसायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर तुमचा पाय ब्रेककडे वळायच्या आधीच गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. माझ्या आणि त्या बैलगाडीच्या मध्ये हातभर अंतर उरले होते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. रस्ता ओलांडणारा माणूस ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघतो. "याने मला पाहिलं का?" हे तो नजरेवरून ठरवतो. शाळेतली मुले तर हमखास तसे करतात. समोरची काच काळी असली की त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, आणि तो अंदाजाने पाऊल टाकतो. काच काळी केल्याने आराम मिळतो आतल्याला आणि धोका वाढतो बाहेरच्याचा. डॉक्टर म्हणून मला हाच भाग सगळ्यात जास्त खटकतो.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण लोक मला सर्टिफिकेट मागतात म्हणून मला हे वाचावे लागले.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर बाहेरून आणून काळी फिल्म लावण्यालाच देशभर बंदी केली, मग ती कितीही टक्क्यांची असो. ४ मे २०१२ पासून ती लागू झाली. कंपनीतूनच मर्यादेत राहून रंगीत काच आलेली असेल तर ती चालते. पुढे नियम १००मध्ये दुरुस्ती होऊन ठरावीक मानकांच्या सेफ्टी ग्लेझिंगला जागा मिळाली, आणि तिच्या आधारे २०२४ साली केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत बसणाऱ्या फिल्मच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे बाजूच्या काचांबाबत वाद-प्रतिवाद ऐकू येतात.

पण पुढच्या काचेची ७० टक्क्यांची मर्यादा कायमच आहे. आता पुन्हा आपला गुणाकार करा. मूळची काचच ७५ भाग प्रकाश सोडत असेल, तर ७०च्या खाली न जाण्यासाठी वरची फिल्म कमीत कमी ९३ टक्के प्रकाश सोडणारी हवी. अशी फिल्म डोळ्यांना जवळजवळ पूर्ण पारदर्शक दिसते. म्हणजे नियमात बसेल अशी "काळी" फिल्म पुढच्या काचेसाठी असूच शकत नाही. "आमची फिल्म आरटीओ ॲप्रूव्हड आहे" असे कोणी म्हणाले तर काचेसकट किती टक्के होतात ते मीटरवर मोजून दाखवायला सांगा.

मग सर्टिफिकेट कोणाला द्यावे?

उन्हाचा खरोखर त्रास होणारे पेशंट असतात, आणि त्यांची चेष्टा करू नये. ल्यूपस या आजारात उन्हाने आजार उसळतो. काहींना उन्हात गेल्यावर अंगावर खाजरे पुरळ येते. पॉर्फिरिया, झेरोडर्मा पिग्मेंटोसम असे दुर्मीळ आजार आहेत. डॉक्सिसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, अमिओडॅरोन अशा औषधांनी त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असते, तेव्हा आपल्या गोळीत काय आहे ते डॉक्टरांना विचारा. अर्धशिशीच्या पेशंटला तीव्र प्रकाश सहन होत नाही.

पण यातल्या बहुतेकांचा शत्रू अतिनील किरण आहे, आणि तो बाजूच्या काचेतून येतो. त्यांना मी पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, आणि गाडीत बसण्याआधी सनस्क्रीन सांगतो. सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफचा आकडा पाहू नका, तो मुख्यतः यूव्हीबीसाठी असतो. डब्यावर "ब्रॉड स्पेक्ट्रम" किंवा पीए+++ लिहिलेले आहे का ते पाहा. नवी गाडी घेताना बाजूच्या काचा यूव्ही किती अडवतात ते विचारा.

आणि ज्याला समोरच्या काचेतून येणारा साधा प्रकाशही सहन होत नाही, त्याच्या बाबतीत माझ्यासमोर वेगळाच प्रश्न उभा राहतो. चाळिशीनंतर लायसन्ससाठी लागणाऱ्या फॉर्म १-अ वर मीच सही करतो, हा माणूस गाडी चालवायला योग्य आहे म्हणून. एका कागदावर "डोळे ठीक आहेत" आणि दुसऱ्या कागदावर "प्रकाश सहन होत नाही, काच काळी करू द्या" अशा दोन सह्या मी एकाच माणसासाठी कशा करू?

डोळे दिपतात? आधी हे करून पाहा

१. काच आतून पुसा. बाहेरची काच सगळे धुतात, आतली कोणी पुसत नाही. प्लॅस्टिकची वाफ, धूळ आणि श्वासाचा ओलावा यांचा पातळ थर आतून बसतो, आणि सूर्य समोर आला की तोच पांढरा धूर होऊन चमकतो. मऊ स्वच्छ कापड पुरते. वायपरचे रबर झिजले असेल तर बदला. काचेवर फार ओरखडे असतील तर काच बदलण्याचा विचार करा.

२. डॅशबोर्डवर चकचकीत पॉलिश मारू नका, पांढरे कापड किंवा कागद ठेवू नका. त्यांचे प्रतिबिंब थेट तुमच्या डोळ्यांसमोर काचेत पडते.

३. दिवसा चांगला पोलराइज्ड गॉगल वापरा. नंबर असेल तर नंबराचा करून घ्या. गॉगलचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे संध्याकाळ झाली, ढग आले, बोगदा आला की तो काढता येतो. फिल्म काढता येत नाही.

४. रात्री गाडी चालवण्यासाठी विकतात ते पिवळे चष्मे घेऊ नका. २०१९ सालच्या एका अभ्यासात त्यांनी रात्री पादचारी लवकर दिसायला काहीही मदत झाली नाही.

५. गाडी उभी असताना पुढच्या काचेवर आतून घडीचा चकचकीत सनशेड लावा, निघताना काढा. निघताना आधी चारही काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. गारव्याचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

६. डोळे तपासून घ्या. हे शेवटी लिहिले असले तरी सगळ्यात महत्त्वाचे आहे. पन्नाशीनंतर अचानक किंवा हळूहळू डोळे जास्त दिपायला लागले, समोरच्या दिव्याभोवती वलये दिसू लागली, रात्री गाडी चालवायची भीती वाटू लागली, तर दोष बहुधा काचेचा नसतो. मोतीबिंदू, डोळे कोरडे पडणे, बदललेला नंबर, काचबिंदू, मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम, यांपैकी काहीही असू शकते. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते आणि प्रकाश आत शिरताना विखुरतो, धुक्यात हेडलाइट लावल्यासारखा. अशा डोळ्यापुढे काळी काच आणली तर दिपणे थोडे कमी होते, पण आधीच अंधुक दिसणारे आणखी अंधुक होते, आणि आजार तसाच वाढत राहतो. उलट मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेतलेल्या चालकांच्या अपघातांचे प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांच्या निम्म्यावर आल्याचे २००२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले होते.

आणि त्या पेशंटचे काय झाले?

त्या दिवशी सर्टिफिकेटऐवजी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली होती. मधुमेह असून तीन वर्षांत त्यांनी डोळ्यांचा पडदा तपासून घेतला नव्हता. चूक त्यांची होती तशी माझीही होती. दर तीन महिन्यांनी साखरेचे रिपोर्ट पाहताना मी हे विचारायला हवे होते.

पडदा सुदैवाने ठीक निघाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात जास्त. साखर आटोक्यात आणून उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, डाव्याचे दिवाळीनंतर करायचे ठरले आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्यांचा पुतण्या गाडी चालवत होता. मागच्या महिन्यात रक्तदाब दाखवायला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, टेंभुर्णीच्या पुढे रस्त्याकडेला एवढी माणसं चालत असतात, हे मला माहीतच नव्हतं."

मी काहीच बोललो नाही, रक्तदाब मोजला. तुम्हाला मात्र सांगतो. ती माणसे रोजच तिथे चालत होती.